केसांचे काय एवढे?

मराठी घरांतून अविचाराने बोलली जाणारी जी वाक्ये आहेत, त्यांत ‘केसांचं काय घेऊन बसलीस एवढं?’ या वाक्याचा नंबर फार वरचा लागेल. बोलणाऱ्याला वाटते, आपण धीर दिला. ऐकणारीला कळते, की आपले म्हणणे ऐकून घ्यायला इथे कोणी बसलेले नाही. हे वाक्य सासू बोलते, नवरा बोलतो, शेजारीण बोलते. त्यांना मी फारसा दोष देत नाही. पण हेच वाक्य जेव्हा डॉक्टर बोलतो, आणि तेही त्याने स्वतः लिहून दिलेल्या गोळ्यांमुळे जिचे केस गळत आहेत तिला उद्देशून बोलतो, तेव्हा ते नुसते अविचाराचे राहत नाही. ते घातक होते. कसे घातक होते, तेच आज मला सांगावयाचे आहे.

दिवाळी अंकात हा कसला विषय, असे कोणी म्हणेल. समोर चकल्या-करंज्यांचे ताट आणि हातात केसगळतीवरचा लेख! पण वाचकहो, जरा आठवून पाहा. वर्षभर आपापल्या फणीने आपापले केस विंचरणारी आपण माणसे नरकचतुर्दशीच्या पहाटे तेवढी एकमेकांच्या डोक्याला तेल चोळतो. माहेरी आलेल्या लेकीच्या डोक्यावरून आईचा हात फिरतो, तळव्याला केसांचे पुंजके चिकटतात, आणि आई म्हणते, “अगं, हे किती केस! काही खातेस-पितेस की नाही?” लेक गप्प बसते. तिच्या पर्शीत तळाशी, रुमालाखाली, गोळ्यांची एक पट्टी असते आणि ती आईला ठाऊक नसते. अशा लेकी, अशा सुना आणि असे मुलगेदेखील तुम्हांआम्हांला वाटते त्याहून कितीतरी अधिक घरांत आहेत. म्हणून हा विषय दिवाळीचाच आहे.

माझा अधिकार काय, तेही सांगून टाकते. मी डॉक्टर नव्हे. मी मॅट्रिक झालेली, तालुक्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकवणारी एक बाई आहे, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. पण चार वर्षांपूर्वी मला उदासीच्या आजाराने गाठले. सकाळी उठून फळ्याजवळ उभे राहणे म्हणजे डोंगर चढणे वाटू लागले. तेव्हा सव्वा वर्ष मी या गोळ्या घेतल्या, आणि त्या गोळ्यांनी मला बरे केले. हे मी आधीच आणि स्पष्टपणे सांगते; कारण पुढचे वाचून ‘पाहा, त्यासुद्धा गोळ्यांच्या विरुद्धच आहेत’ असा सोयीचा अर्थ कोणी काढू नये. माझे भांडण गोळ्यांशी नाही. गोळ्यांबरोबर जे सांगावयाचे ते न सांगण्याशी आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू.

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचे मूळ स्वतंत्रपणे आपले चक्र चालवीत असते. दोन ते सहा वर्षे केस वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ आवरती घेतो, आणि त्यानंतर दोन-तीन महिने नुसता विसावतो. विसावा संपला की तो गळतो व त्याच मुळातून नवा केस वर येतो. निरोगी डोक्यावर कोणत्याही दिवशी शंभरांतले ८५ ते ९० केस वाढीत असतात आणि उरलेले बहुतेक विसाव्यात. म्हणूनच रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक मानले जाते. पण शरीराला एखादा जबर धक्का बसला, म्हणजे कडक ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, उपासमार किंवा मनावरचा असह्य ताण, तर वाढीत असलेले पुष्कळसे केस एकदमच विसाव्यात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळू लागतात. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली या प्रकाराला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ असे नाव दिले. करोनाच्या साथीत ताप येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी अनेक घरांत न्हाणीघराच्या जाळीत केसांची गुंतवळ साचू लागली होती. त्यातली बरीचशी याच प्रकारातली.

काही औषधेही केसांना असाच धक्का देतात. मनाच्या आजारांवरच्या औषधांत लिथियम आणि व्हॅल्प्रोएट ही दोन या बाबतीत अधिक प्रसिद्ध. वैद्यकीय आढाव्यांत लिथियम घेणाऱ्यांपैकी शंभरात १२ ते १९ जणांचे, तर व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांपैकी शंभरात १२ पर्यंत जणांचे केस गळाल्याचे आकडे दिलेले आहेत. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांनी असे होण्याचे प्रमाण पुष्कळच कमी. पण ते शून्य नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या गोळ्या नव्याने सुरू केलेल्या दहा लाखांहून अधिक अमेरिकन रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ब्युप्रोपिऑन घेणाऱ्यांत केसगळती इतरांहून जास्त आढळली. फ्लुऑक्झेटीन व पॅरॉक्झेटीन घेणाऱ्यांत ती कमी आढळली. म्हणजे गोळी-गोळीत फरक आहे, आणि एक सोसली नाही तर दुसरी वापरून पाहण्याला जागा आहे.

आता या सगळ्यांतल्या दोन गोष्टी वाचकांनी गाठीला बांधून ठेवाव्या. पहिली अशी, की या प्रकारात केसाचे मूळ मरत नाही. कारण दूर झाले की केस पुन्हा येतात. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या संथ गतीने का होईना, पण येतात. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कारण आणि परिणाम यांच्यात दोन-तीन महिन्यांचे अंतर असते. गोळी जुलैत सुरू होते आणि केस नवरात्रात गळू लागतात. त्यामुळे ज्याला कोणी आधी सांगितलेले नाही, तो बिचारा कूपनलिकेच्या पाण्याला दोष देतो, साबण बदलतो, तेल बदलतो. आणि ज्याला गोळीचा संशय येतो, तो एक दिवस गोळ्यांची पट्टी उचलून केराच्या टोपलीत टाकतो. त्याला वाटते, आज गोळी बंद, उद्या केस गळायचे बंद. तसे होत नाही. जे केस आधीच विसाव्यात गेले आहेत, ते आपली मुदत भरली की गळणारच. म्हणजे गोळी एकदम सोडल्याने केस लगेच वाचत नाहीत. मन मात्र उघड्यावर पडते. चक्कर, मळमळ, झोप उडणे, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे, असे त्रास या गोळ्या अचानक सोडल्याने होऊ शकतात. आणि त्यातून निभावले तरी मूळ आजार उलटण्याचे भय असतेच.

एवढी ही माहिती. मी ती चार परिच्छेदांत सांगितली. सावकाश बोलले तर पाच मिनिटे. ज्यांनी ती द्यावयाची, ते ती का देत नाहीत?

माझा अनुभव सांगते. माझ्या गोळ्या सर्ट्रालीनच्या होत्या. आषाढात सुरू केल्या. गौरी-गणपती आटोपले तेव्हा मला पुष्कळ बरे वाटू लागले होते. मुलांच्या चित्रांवर मी पुन्हा मनापासून शेरे लिहू लागले होते. आणि त्याच सुमारास केस जाऊ लागले. थोडेथोडके नव्हेत, विंचरताना फणीत, झोपून उठल्यावर उशीवर, शाळेत पोरांच्या वहीवर वाकले की वहीत. पुढच्या खेपेस मी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले. हे गोळ्यांमुळे होते आहे का? केस परत येतील का? यावर काही करता येईल का? डॉक्टर हसले. म्हणाले, “बाई, तुम्हांला केस हवेत की डोकं?” दाराशी उभा असलेला कंपाउंडरही हसला. माझ्या तिन्ही प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर मला मिळाले नाही. पुढच्या रोग्याचे नाव पुकारले गेले.

‘केस हवेत की डोके?’ वाक्य चटकदार आहे खरे. कादंबरीत मीही ते एखाद्या पात्राच्या तोंडी घातले असते. पण जरा खरवडून पाहिले तर ते शुद्ध लबाडीचे आहे. केस आणि डोके यांत निवड करा, असे मला कोणी सांगितले होते? निवड ठेवली होती ती डॉक्टरांनी, मी नव्हे. मला दोन्ही हवे होते, आणि दोन्ही मिळण्यासारखे होते. याचा पुरावा असा, की मी दुसऱ्या गावी दुसऱ्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी माझे ऐकून घेतले. रक्तातले हिमोग्लोबिन, अंगातला लोहाचा साठा आणि थायरॉइड तपासून घेतले, कारण बायकांचे केस गळण्यामागे अनेकदा यांतलेच काहीतरी असते. ते सारे ठीक निघाल्यावर त्यांनी वर मी लिहिले आहे ते सगळे मला समजावून सांगितले. म्हणाल्या, “दोन वाटा आहेत. थोडं थांबून बघू, कधीकधी गळती आपोआप कमी होते. किंवा ही गोळी हळूहळू कमी करत दुसरी सुरू करू. कोणती वाट धरायची ते तुम्ही ठरवा.” मी दुसरी वाट धरली. काही आठवड्यांत गोळी बदलली. संक्रांतीपर्यंत गळती मंदावली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कपाळाच्या कडेने लहान मुलासारखे कोवळे केस दिसू लागले. डोकेही जागेवर राहिले. त्या बाईंनी माझ्यासाठी काही जगावेगळे केले नाही. प्रश्नाला उत्तर दिले, इतकेच.

पण मी चाळिशी ओलांडलेली, चार माणसांत बोलायची सवय असलेली बाई. मला दुसरे दार ठोठावणे जमले. ज्यांना जमत नाही त्यांचे काय?

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. तिचे नाव, गाव, काहीच सांगत नाही. वडील गेल्यानंतर तिला या आजाराने धरले. उपचार सुरू झाले आणि ती सुधारली. कामावर रुजू झाली, हसू-बोलू लागली. घरात लग्नाचे बोलणे चालू झाले. आणि केस गळू लागले. तिला कोणी काही सांगितलेले नव्हते. बघायला येणाऱ्या मंडळींपुढे विरळ भांग घेऊन कसे बसायचे, या धास्तीने तिने एका रात्री गोळ्या बंद केल्या. चार दिवसांत झोप गेली, घेरी येऊ लागली. केस तर गळतच राहिले. दोन महिन्यांत आजार सगळाच्या सगळा परत आला, पहिल्यापेक्षा जोराने. नोकरी गेली, लग्नाचे बोलणे थांबले, आणि काही दिवस असे होते की तिची आई तिला एकटी खोलीत सोडायला धजत नव्हती. आता ती पुन्हा उपचार घेते आहे. मी तिला विचारले, “अगं, डॉक्टरांना सांगितलंस का गोळ्या कशापायी सोडल्या ते?” म्हणाली, “नाही बाई. हसतील.”

तिच्या कागदावर काय लिहिले आहे ते मी पाहिले. ‘रुग्णाने औषध आपण होऊन बंद केले.’ खरेच आहे ते. पण अर्धेच खरे. उरलेले अर्धे, म्हणजे तिला आधी काय सांगितले गेले नाही, ते कोणत्याच कागदावर लिहिले जात नाही. दोष तिचा आणि कागद त्यांचा! आमच्या भाषेत विश्वासाने मान दिलेल्याचा घात करण्याला केसाने गळा कापणे म्हणतात. या प्रकाराला मी दुसरे काय म्हणू?

यावर डॉक्टरमंडळींचे एक उत्तर ठरलेले आहे, आणि ते मी टाळणार नाही. ते म्हणतात, “अहो, सगळे दुष्परिणाम वाचून दाखवले तर रोगी घाबरेल आणि गोळी घेणारच नाही. आधीच आपल्या लोकांना या गोळ्यांचं भय.” यात तथ्य नाही असे नाही. मनात भरवलेले भय कधीकधी शरीरात उतरते हे शास्त्रही मानते. आणि उपचारांपर्यंत पोचणारेच आपल्याकडे थोडे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले, की निरनिराळे मानसिक आजार असलेल्यांपैकी शंभरात ७० ते ९२ लोकांना उपचारच मिळत नाहीत. अशा स्थितीत आलेला रोगी बिथरू नये ही काळजी रास्तच.

पण मग मला एक सांगा. क्षयाची औषधे सुरू करताना रोग्याला पहिल्याच दिवशी सांगतात, की लघवीला लालसर-नारिंगी रंग येईल, भिऊ नका, तो औषधाचा रंग आहे. रक्त वाढण्यासाठी लोहाच्या गोळ्या देताना गावची आशाताईसुद्धा सांगते, की शौचाला काळे होईल, काळजी करू नका. ऐकणाऱ्या बाया त्यामुळे गोळ्या टाकून देतात का? उलट, आधी सांगितलेले असते म्हणूनच भीत नाहीत. कर्करोगाची जहाल औषधे देण्यापूर्वी केस जातील हे सांगितले जाते, आणि तरीही माणसे ती औषधे घेतात. तेव्हा रोगी बिथरतो तो ऐकल्याने नव्हे. जे ऐकले नव्हते ते अचानक आरशात दिसल्याने तो बिथरतो. आणि क्षयाच्या रोग्याला जे ऐकण्याची लायकी आहे, ती मनाच्या रोग्याला नाही, असे कोणी ठरवले? मनाचा आजार झाला म्हणजे अक्कल गहाण पडली, हा जो जुना समज, तोच या मौनाच्या मुळाशी आहे असे मी म्हणते.

शिवाय हा मेहेरबानीचा प्रश्नच उरलेला नाही. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या बाविसाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे, की आपल्या आजाराचे स्वरूप, सुचवलेला उपचार आणि त्या उपचाराचे ज्ञात दुष्परिणाम यांची माहिती मिळण्याचा रोग्याला हक्क आहे. आणि ती त्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. समजेल अशा भाषेत! गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला, मुंगीच्या पावलांएवढ्या इंग्रजी अक्षरांतला कागद म्हणजे ती भाषा नव्हे.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळते. हा घरातला आक्षेप. “जिवावरचं दुखणं केसांवर गेलं असं समज. केस म्हणजे नुसता नखरा.” हे बोलणाऱ्यांना मी आपल्याच महाराष्ट्राची आठवण करून देते. केस जर नखराच, तर आपल्या पूर्वजांनी विधवेच्या डोक्यावरचे केस कशाला उतरवले? तिला अन्न कमी द्यायचे, रंगीत लुगडे द्यायचे नाही, एवढ्याने भागत नव्हते का? भागत नव्हते. केस उतरवले की बाईचे माणूसपण उतरते हे त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणूनच वस्तरा लागत होता. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निश्चय तिथे झाला. हातावर पोट असलेल्या त्या माणसांना केसांचे मोल कळत होते. त्याच काळात हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिली. तिच्यातल्या यमुनेचे केशवपन वाचून कित्येक पिढ्या रडल्या. त्या रडणाऱ्यांच्याच नाती आज सुनेला म्हणतात, केसांचं काय एवढं?

विधवेचे केशवपन आणि औषधाने झालेली केसगळती एकच, असे म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. तिथे जुलूम होता, इथे उपचार आहे. पण गमावणारीला जे वाटते त्यात साम्य आहे. आणि नैराश्याच्या आजाराचा स्वभाव तर असा, की तो माणसाला आतून एकच गोष्ट सांगत असतो : तू कुचकामी आहेस, तुझे काही खरे नाही. अशा माणसाने सकाळी आरशात पाहावे आणि भांगातून टाळू दिसावी, म्हणजे त्या आतल्या आवाजाला बाहेरून साक्षीदार मिळाला. मी मुलांना माणसाचे डोके काढायला शिकवते. केसांची रेषा अर्धा बोट मागे सरकली, की तोच चेहरा दहा वर्षांनी म्हातारा किंवा आजारी दिसतो. सातवीतल्या पोरालाही हे कळते. मग जिचे ते डोके आहे तिला ते कळले तर तो नखरा कसा? पुरुषांचेही तेच. त्यांच्या टकलावर हसायची तर आपल्याकडे उघड परवानगीच आहे. पंचविशीतला मुलगा त्या हसण्यात सामील होतो आणि घरी जाऊन गोळ्या बंद करतो.

घरातली दुसरी एक जात आहे, तिच्याशीही दोन शब्द बोलले पाहिजेत. त्यांची वाट उलटी असते. “मी आधीच सांगत होते, त्या गोळ्या वाईट. दे सोडून. ध्यान कर, कामात मन गुंतव.” वाचकहो, हा सल्ला पहिल्यापेक्षा धोक्याचा आहे. केस गळणे हा गोळी बदलण्याविषयी बोलण्याचा विषय आहे. डॉक्टरांना न विचारता गोळी सोडण्याचे ते कारण नव्हे. आपल्या जिभेच्या एका वाक्याने आपण एखाद्याची महिन्यांची मेहनत मोडतो, हे या मायाळू मंडळींच्या ध्यानी येत नाही.

आणि मग येतात तेलवाले. जिथे डॉक्टर बोलत नाही तिथे जाहिरात बोलते. सतरा वनस्पतींची तेले, कांद्याच्या रसाची बाटली, केस वाढवणाऱ्या गोळ्या! मुळाचे चक्र औषधाने हलले असताना वरून चोपडलेले तेल काय करणार? चार महिन्यांनी केस आपल्या नियमाने परत येऊ लागतात आणि श्रेय बाटलीला मिळते. केसांसाठी म्हणून सर्रास घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांची तर आणखी एक गंमत आहे. त्यांमुळे थायरॉइडसारख्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली तसा इशाराच दिला होता. म्हणजे केस का गळतात हे शोधायची जी तपासणी, तीच या गोळीने फसते!

डॉक्टरांवर मी अन्याय करते आहे का? त्यांच्या दारातली गर्दी मी पाहिली आहे. आपल्या देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही धडपणे पडत नाही. एका सकाळी साठ-साठ रोगी तपासणाऱ्या माणसाने प्रत्येकाला केसांचे चक्र समजावून सांगावे, अशी माझी अपेक्षा नाही. मी फक्त दोन-तीन वाक्ये मागते. ती मी लिहूनच देते : “या गोळीनं क्वचित कोणाचे दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. बहुधा परत येतात. तसं झालं तर गोळी सोडू नका, माझ्याकडे या, आपण मार्ग काढू.” हे बोलायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून पाहावे. डॉक्टरांना तेवढीही उसंत नसेल, तर एका चिठ्ठीवर मराठीत छापून गोळ्यांबरोबर द्यावे. औषधाच्या दुकानदाराने पट्टी हातात ठेवताना म्हणावे. एवढ्या दोन-तीन वाक्यांनी माझी विद्यार्थिनी आज आपल्या नोकरीवर असती.

आणि रोग्यांनो, तुम्हांलाही माझे सांगणे आहे. प्रश्न विचारायला लाजू नका. केस किती गळतात, केव्हापासून गळतात, गोळी केव्हा सुरू झाली, हे एका कागदावर मांडून न्या. लिहिलेल्या कागदावर हसणे जरा अवघड जाते. रक्त आणि थायरॉइड तपासायचे का, असे आपण होऊन विचारा. लिथियम घेणाऱ्यांनी तर जरूर विचारा, कारण ते औषध थायरॉइडही मंदावू शकते. एक डॉक्टर ऐकत नसेल तर दुसऱ्याकडे जा. पण दुसऱ्याकडे पोचेपर्यंत पहिल्याच्या गोळ्या चालू ठेवा. आपल्या देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी सरकारी योजना २०१० सालापासून आहे, आणि तिच्याकडे रुग्ण स्वतःही तक्रार नोंदवू शकतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. तुमची नोंद झाली, तर उद्या कोणी ‘असे काही होत नाही’ म्हणू शकणार नाही.

राहिली घरची माणसे, म्हणजे हा अंक फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचणारे तुम्ही-आम्ही. या नरकचतुर्दशीला कोणाच्या डोक्याला तेल लावताना हाताला केस आले, तर ‘किती हे केस!’ म्हणून ओरडू नका, आणि ‘केसांचं काय एवढं’ म्हणून झटकूही नका. हळूच विचारा, “काही औषध चालू आहे का गं?” ती सांगेल किंवा सांगणार नाही. सांगितले, तर गोळ्या बंद कर असे म्हणू नका, “डॉक्टरांकडे मी येऊ का सोबत?” असे म्हणा. मनाच्या दुखण्यातून बाहेर येऊ पाहणाऱ्या माणसाला याहून मोठा आधार नसतो. आणि सोबत गेलात, तर डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर नीट बसा आणि तिच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय उठू नका.